काचेचा धागा



गेल्या वर्षी कोजागरीच्या सुमारास आपल्या गल्लीचा रस्ता खणला होता आणि कार्यक्रमाला येणाऱ्या बायकांना फळीवरून चर ओलांडावा लागला होता, हे आपणां सर्वांना आठवत असेलच. पुढे चर बुजला, नारिंगी नळ्या जमिनीखाली गेल्या, आणि एक तरुण मुलगा जोडणीच्या कामासाठी मंडळाच्या व्हरांड्यात येऊन बसला. त्याने एका वायरीवरचे रंगीत आवरण सोलले, आतला धागा स्पिरिटने पुसला आणि उजेडात धरला. केसाहून जरासा जाड, पाण्यासारखा स्वच्छ! मी हात पुढे केला तसा तो म्हणाला, "आजी, जपून. काच आहे ती. बोटात शिरली तर दिसायचीसुद्धा नाही."

आम्ही पाचसहा जणी भोवती उभ्या होतो. खजिनदारबाईंनी लगेच विचारले, "काच तर फुटते. मग ही वाकते कशी?" दुसरीने विचारले, "आणि माझा नातू परदेशातून बोलतो, तो या काचेतून येतो म्हणता?" मुलगा नुसता हसला, त्याला अजून पुष्कळ जोड करावयाचे होते. तेव्हा मीच म्हणाले, "मी स्मरणिकेत लिहून देईन." बोलून तर गेले, आणि मग वर्षभर वाचत बसले.

हे काम मी अंगावर घेतले याला कारण आहे. माझी सारी नोकरी टेलिफोनच्या खात्यात झाली. १९६९ साली मी ट्रंक बोर्डावर ऑपरेटर म्हणून लागले. कानाला हेडसेट, हातात कॉर्ड, आणि समोर तिकिटांचा गठ्ठा, अशी माझी उमेदीची वर्षे गेली. दुसरे कारण घरगुती आहे. ते ओघात येईलच.

खजिनदारबाईंच्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. लाकडाची फळी वाकत नाही, परंतु रंध्याने तिचाच काढलेला छिलका बोटाभोवती गुंडाळता येतो. काचेचेही तसेच. पाकाची तार ओढावी तशी तापलेली काच ओढून बारीक केली की ती वाकू लागते. खरा प्रश्न दुसराच आहे. उजेड तर सरळ जातो. तो या वाकड्यातिकड्या काचेतून वळत कसा जातो?

याचे उत्तर माणसाला बऱ्याच आधी सापडले होते. १८४१ साली जिनीव्हा शहरात दानिएल कोलादों नावाचे एक प्राध्यापक पाण्याच्या धारेवर व्याख्यान देत होते. मागच्या श्रोत्यांना धार नीट दिसेना, म्हणून त्यांनी पिंपाच्या एका बाजूने उजेड आत सोडला. समोरच्या भोकातून पाण्याची धार कमानीसारखी खाली पडत होती, आणि मौज अशी की उजेडही धारेबरोबर वळत वळत खाली आला! लंडनमध्ये जॉन टिंडल यांनी १८५४ साली असाच प्रयोग करून दाखविला. १८८९ सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात रंगीबेरंगी प्रकाशाची कारंजी उडाली, ती याच युक्तीवर. परंतु त्या काळी ही केवळ करमणूक होती.

याची प्रचीती घरी घ्यावयाची असेल तर काचेचा पेला पाण्याने भरून डोळ्यांच्या वर धरा आणि तिरकस खालून पाण्याच्या पृष्ठभागाकडे पाहा. तो चांदीच्या आरशासारखा चकाकताना दिसेल. पाण्यातून बाहेर निघू पाहणारा उजेड फार तिरपा आला की त्याला बाहेर जाता येत नाही. तो आतल्या आतच परततो. काचेच्या धाग्यात हेच घडते. उजेड आतल्या आत आपटत, परतत, धागा जाईल तिकडे जातो.

आता उजेडावर बोलणे स्वार करण्याची गोष्ट. टेलिफोन काढणारे अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल हे नाव आपल्याला ठाऊक आहे. त्यांनी १८८० साली सहकारी टेंटर यांच्यासह अमेरिकेतील वॉशिंग्टन येथे उजेडावरून बोलणे पाठविले. पातळ आरशाच्या मागे बोलावयाचे, आरसा थरथरला की त्यावरून परतणारे ऊन थरथरे, आणि समोरच्या टोकाला त्या थरथरीचा पुन्हा आवाज होई. असे २१३ मीटर अंतरावर बोलणे ऐकू आले. या यंत्राचे नाव फोटोफोन. बेलसाहेबांना त्याचे इतके कौतुक की त्याच वर्षी जन्मलेल्या दुसऱ्या मुलीचे नाव फोटोफोन ठेवावे असे त्यांच्या मनात आले, असे सांगतात. पत्नी मेबल यांनी त्यांना त्यापासून परावृत्त केले आणि मुलीचे नाव मॅरियन ठेविले. बारशाच्या बाबतीत बायकांचे ऐकावे ते यासाठी!

फोटोफोन मात्र चालला नाही. ढग आले की बोलणे बंद. धुके पडले की बंद. उजेडाला वाट हवी होती, ऊनपावसापासून झाकलेली. ती वाट काचेच्या धाग्याची, हे कळावयास आणखी पाऊणशे वर्षे जावी लागली.

या टप्प्यावर आपल्या देशाचे एक नाव येते. नरिंदरसिंग कपानी पंजाबातील मोगा गावी १९२६ साली जन्मले. उजेड नेहमी सरळ रेषेतच जातो, असे शाळेत गुरुजींनी सांगितले तेव्हा आपल्याला ते पटले नव्हते, असे ते पुढे सांगत. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात हॉपकिन्स या प्राध्यापकांच्या हाताखाली त्यांनी हजारो काचतंतूंची जुडी बांधून तिच्यातून चित्र पलीकडे नेले. तो निबंध जानेवारी १९५४ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आला. त्याच अंकात हॉलंडचे फान हील यांचाही निबंध होता, आणि त्यात एक फार महत्त्वाची गोष्ट होती.

उघड्या धाग्याला बोट लागले, धूळ लागली, दुसरा धागा चिकटला, की त्या जागी उजेड बाहेर गळतो. यावर उपाय म्हणजे धाग्याला निराळ्या पदार्थाचे अस्तर द्यावयाचे. ब्लाउजला आपण अस्तर लावतो ते आतून, हे बाहेरून. १९५६ साली मिशिगन विद्यापीठातल्या लॅरी कर्टिस नावाच्या विद्यार्थ्याने काचेची कांडी काचेच्याच नळीत घातली आणि दोन्ही एकत्र तापवून ओढली. काचेला काचेचेच अस्तर झाले! आतली काच एका जातीची, बाहेरची किंचित निराळ्या जातीची. उजेड दोहोंच्या सीमेवरून परततो. व्हरांड्यातल्या मुलाच्या हातातला धागा असाच दुहेरी होता. त्याची एकूण जाडी मिलिमीटरच्या आठव्या हिश्शाएवढी असते, आणि उजेड जातो तो आतला गाभा तर केसाहूनही कितीतरी बारीक.

पोटातला व्रण पाहण्यासाठी डॉक्टरांनी १९५७ पासून असे तंतू वापरावयास घेतले. आज आपल्यापैकी कितीजणींची एंडोस्कोपी झाली आहे! हल्ली तेथे कॅमेरे आले असले, तरी सुरुवात काचेच्या जुडीने झाली. १९६० साली अमेरिकेत मेमन यांनी पहिला लेझर प्रकाशित केला; म्हणजे उन्हावर अवलंबून न राहणारा, एकाच सुराचा उजेड हाती आला. मग अडले कोठे?

अडले ते काचेच्या मळाशी. खिडकीची काच समोरून पाहिली तर स्वच्छ दिसते, परंतु तिची कड पाहिलीत तर ती हिरवट दिसेल. तो हिरवटपणा लोखंडाचा. त्या वेळच्या चांगल्यातल्या चांगल्या तंतूत शंभर हिस्से उजेड सोडला तर वीस मीटरवर एकच हिस्सा उरे. म्हणजे आपल्या मंडळाच्या दारातून निघालेला उजेड कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंतही पोहोचावयाचा नाही. पोटात पाहण्यास तेवढे पुरे. गावोगाव बोलण्यास नव्हे. म्हणून बड्या बड्या संस्थांनी काचेचा नाद सोडून धातूच्या पोकळ नळ्या पुरण्याचे बेत चालविले होते.

इंग्लंडात हार्लो गावच्या एका प्रयोगशाळेत चार्ल्स काओ नावाचे तरुण इंजिनियर होते. जन्म १९३३ सालचा, शांघायचा; शिक्षणासाठी हाँगकाँगहून लंडनला आलेले. जॉर्ज हॉकम या सहकाऱ्याबरोबर त्यांनी १९६६ साली निबंध लिहिला. उजेड मरतो तो काचेच्या स्वभावामुळे नव्हे, तर तिच्यातल्या लोखंडासारख्या मळामुळे, हे त्याचे सार. मळ काढा, म्हणजे एक किलोमीटर गेल्यावरही शंभरातला एक हिस्सा उरेल, आणि तेवढा उरला की टेलिफोन चालेल. वीस मीटरऐवजी एक हजार मीटर! पुष्कळांनी मान हलविली. परंतु काओ देशोदेशी हिंडून काच करणाऱ्यांना हे पटवीत राहिले, आणि १९६९ साली शुद्ध सिलिकेचे तुकडे मोजून आपले म्हणणे त्यांनी सिद्ध केले.

त्यांच्या पत्नी ग्वेन स्वतः इंजिनियर. दोघांची ओळख कामाच्या ठिकाणचीच. या दिवसांची एक हकीकत त्यांनी पुढे सांगितली आहे. मुले लहान होती. पानावर अन्न निवत असे, मुले खोळंबत, आणि काओंचा पत्ता नसे. रोज रोज हे झाल्यावर त्या चिडल्या. काओ म्हणाले, रागावू नको, आमचे काम एक दिवस जग हालवील. त्यावर यांनी टोमणा मारला, असे का, म्हणजे तुम्हांला नोबेल मिळणार वाटते! हा टोमणा आपण लक्षात ठेवू या.

मळ काढला तो अमेरिकेतील कॉर्निंग या काच-कंपनीतल्या मॉरर, केक आणि शुल्ट्झ या तिघांनी. त्यांची रीत आपल्याला चटकन कळेल. आपल्या आज्या दिव्यावर तांब्याचे ताट धरून काजळ पाडीत. तसेच हे, फक्त हे काजळ पांढरे. वाळूतल्या सिलिकॉनचे एक बाष्प होणारे द्रव्य करून त्याची वाफ ज्योतीत सोडावयाची, म्हणजे शुद्ध काचेची बारीक भुकटी काजळीसारखी बसते. लोखंड-तांब्याचा मळ त्या वाफेबरोबर येत नाही. तो मागेच राहतो. मग ती भुकटी तापवून तिची काच करावयाची आणि धागा ओढावयाचा. ऑगस्ट १९७० मध्ये एका शुक्रवारी संध्याकाळी केक यांनी नवा धागा मोजला, आणि काओंनी मागितले होते त्याहून तो सरस निघाला. त्याच वर्षी लेनिनग्राडमध्ये अल्फेरॉव्ह यांनी, आणि अमेरिकेत हायाशी व पॅनिश यांनी, साध्या खोलीच्या उष्णतेत अखंड चालणारा, मिठाच्या कणाएवढा लेझर केला. धागाही मिळाला आणि दिवाही. १९७२ साली कॉर्निंगचा त्याहून पुष्कळ चांगला आणि टिकाऊ धागा निघाला.

आता माझी घरगुती गोष्ट येते, कारण ती १९७३ सालची आहे.

माहेर कोकणातले. त्या जुलैत वडील एकाएकी अत्यवस्थ झाले. धाकटा भाऊ पावसातून तालुक्याला गेला आणि रात्री साडेआठला त्याने माझ्यासाठी अर्जंट कॉल नोंदविला. मी त्या रात्री पाळीवरच होते. मला यातले काहीच ठाऊक नव्हते. त्या तालुक्याकडे आमच्याकडून दोनच लाइनी होत्या. त्या रात्री मी माझ्या हाताने त्याच तालुक्याचे सात कॉल लावून दिले. कोणी व्यापारी भाव विचारीत होता, कोणाकडे मुलगी पाहावयास यावयाचे होते. "तीन मिनिटे झाली, वाढवायचे का?" असे मी विचारी आणि लोक वाढवीत. मध्यरात्रीनंतर दोन्ही लाइनी मेल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी तार आली. मी गावी पोहोचले तेव्हा सारे आटोपले होते. भाऊ एवढेच म्हणाला, "ताई, लाइन मिळाली नाही."

लाइन मी गुंतविली होती, हे मी त्याला कधी सांगितले नाही. त्यात नियमाबाहेरचे काही नव्हते. माझी चूकही नव्हती, असे कोणीही म्हणेल. मीही स्वतःला तसे पुष्कळदा म्हटले आहे.

गेल्या वर्षी वाचताना मला प्रथमच कळले की माझ्या त्या पाळीच्या वेळी मळ काढलेली काच जगात तयार झालेली होती. ती फक्त आमच्यापर्यंत आलेली नव्हती.

पुढचा प्रवास मात्र भराभर झाला. एप्रिल १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथे लोकांचे नेहमीचे टेलिफोन प्रथम काचेतून बोलू लागले. आणि अभिमानाची गोष्ट म्हणजे आपल्या देशातला पहिला प्रकाशतंतू दिल्लीला नव्हे, मुंबईलाही नव्हे, तर आपल्या पुण्यात, टेलिफोन एक्स्चेंजांना जोडण्यासाठी १९७९ साली पडला. त्याच वर्षी जपानात इतका निर्मळ धागा निघाला की शंभरातला एक हिस्सा शंभर किलोमीटरवर उरू लागला. वीस मीटर, मग एक किलोमीटर, मग शंभर किलोमीटर: तेरा वर्षांतली ही मजल!

तुम्ही म्हणाल, त्यातून बोलणे कसे जाते? आपल्या आवाजाचे सेकंदाला हजारो वेळा मोजमाप होते, त्या मापांचे आकडे होतात, आणि ते आकडे दिव्याच्या उघडझापीने पाठविले जातात. ही उघडझाप सेकंदाला कोट्यवधी वेळा होते. म्हणून एकाच धाग्यात हजारो माणसांची बोलणी एकमेकांत न मिसळता जातात. पलीकडे आकड्यांचा पुन्हा आवाज होतो, चित्र असेल तर चित्र होते.

१९५६ साली अटलांटिक समुद्राखालून टेलिफोनची पहिली तांब्याची तार गेली, तीत एका वेळी ३६ जणांना बोलता येई. डिसेंबर १९८८ मध्ये त्याच समुद्राखालून काचेची पहिली तार गेली. तीत ४०,००० बोलणी मावत. ज्या बाईने दोन लाइनींवर रात्री काढल्या, तिला हे आकडे वाचून काय वाटले असेल याची कल्पना करा. दूरवर जाताना उजेड थकतो, त्याला वाटेतच ताजा करणारा एर्बियम नावाच्या धातूचा अंश घातलेला धागा १९८७ च्या सुमारास इंग्लंडात साउदॅम्प्टन येथे डेव्हिड पेन यांच्या चमूने आणि अमेरिकेत देसुर्व्हीर यांनी केला. आपल्या मुंबईला विलायतेशी जोडणारी समुद्री तारायंत्राची तार १८७० साली आली होती. १९९७ साली इंग्लंडपासून जपानपर्यंतची सुमारे २८,००० किलोमीटरची काचेची तार मुंबईला टेकून गेली. आपल्या नातवंडांची चित्रे आकाशातल्या उपग्रहावरून येतात अशी पुष्कळजणींची समजूत आहे. ती बव्हंशी समुद्राच्या तळावरून येतात. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तजवळ समुद्रातल्या तारा तुटल्या तेव्हा आपल्याकडची इंटरनेटची कामे खोळंबली, त्यावरून हे सर्वांना कळून आले.

श्रेयाच्या बाबतीत एक शब्द. कपानींना नोबेल मिळाले नाही, याची हळहळ आपल्याकडे पुष्कळांना वाटते, आणि ती साहजिक आहे. डिसेंबर २०२० मध्ये ते वारले. पुढल्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. 'फायबर ऑप्टिक्स' हे नाव १९६० साली त्यांनीच एका लेखातून लोकांत रूढ केले. परंतु कोलादोंनी उजेड वळविला, कपानी-हॉपकिन्स यांनी चित्र नेले, फान हील आणि कर्टिस यांनी अस्तर दिले, काओंनी मळाकडे बोट दाखविले, कॉर्निंगच्या तिघांनी तो काढला. एकट्याची ही विद्या नव्हे. तांदूळ एकीने पाखडावे, दुसरीने निवडावे, तिसरीने धुवावे, तेव्हा कोठे मंडळाचा भात होतो.

नोबेल पारितोषिक २००९ साली काओंना मिळाले. टोमणा खरा झाला! परंतु तोपर्यंत त्यांना स्मृतिभ्रंशाने गाठले होते. सगळ्या जगाला बोलते करणाऱ्या या माणसाला स्वतःच्या शोधाविषयी बोलता येईना. तेव्हा स्टॉकहोमला नोबेलचे व्याख्यान ग्वेनबाईंनी दिले, आणि पानावर निवणाऱ्या अन्नाची हकीकत सांगितली ती त्याच व्याख्यानात. समारंभात काओंना चालत यावे लागू नये म्हणून स्वीडनचे राजे रीत मोडून स्वतः त्यांच्यापाशी गेले. पुढल्याच वर्षी या दांपत्याने स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी संस्था काढली. काओ २०१८ साली हाँगकाँगला वारले. आपल्या मंडळातही दोघी-तिघी घरी असे आजारपण सांभाळीत आहेत. त्यांना ग्वेनबाईंचे व्याख्यान म्हणजे काय असेल, हे मी सांगावयास नको.

आता गावच्या ग्रामपंचायतीपर्यंत काचेचा धागा गेला आहे. भाऊ दर रविवारी फोनवर दिसतो. पडवी दिसते, मागचा फणस दिसतो. हा लेख पुरा झाल्यावर मी त्याला तो सबंध वाचून दाखविला, सात कॉलांच्या मजकुरासकट. लाइन मध्ये तुटली नाही. तो बराच वेळ काही बोलला नाही. मला वाटले, चित्र थांबले की काय. मग चष्मा काढून पुसत म्हणाला, "त्या रात्री पाऊस फार होता गं, ताई."